युरोपातली छापचित्रं समजून घ्यायची आहेत. सुरुवात कुठून करू, काय बघू?

मृण्मयी_स

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त पुढच्या महिन्यात वर्षभरासाठी एर्लांगेनला चालले आहे. तिथून न्यूर्नबर्ग अगदी जवळ, आणि न्यूर्नबर्ग म्हटलं की पाचशे वर्षांपूर्वीचा तिथला चित्रकार ड्युरर. म्हणून हा धागा.

मी चित्रकला शिकलेली नाही, पण चित्रं बघायची मनापासून आवड आहे. तैलचित्रांबद्दल मराठीत थोडंफार वाचलं आहे. वुडकट (लाकडी ठशावरचं), एचिंग (आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरचं), लिथोग्राफ (दगडावरचं) अशा छापचित्रांकडे मात्र ‘पुस्तकातली चित्रं’ म्हणूनच बघत आले. आता वर्ष हाताशी आहे तर हा इतिहास नीट समजून घ्यावा असं वाटतं. पहिल्यापासून क्रमाने जावं की एखादा चित्रकार धरून? कुठली संग्रहालयं चुकवू नयेत? एखादं पुस्तक सुचवाल का?

उन्हाळ्यात आईबाबा येणार आहेत. बाबांचा सांगलीत छापखाना होता; ट्रेडल मशीन, खिळे (छपाईची सुटी अक्षरं), फर्मे (ती जुळवून बसवायच्या चौकटी) यांत त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना रस वाटेल असंही काही सांगा. आणि जमलं तर एखादा खरा जुना प्रिंट विकत घ्यायची इच्छा आहे. खिशाला परवडेल असं काही मिळतं का?

चांदणवेल

छान विषय. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, पण धागा वाचत राहणार.

ताम्रपट

मृण्मयी, मी जेजेत प्रिंटमेकिंग शिकलो, आता शिकवतो. बाकी सगळं नंतर, आधी एकच सांगतो. छापचित्रं संग्रहालयाच्या भिंतीवर शोधत बसू नका, कपाटातून मागवून बघा.

कागदाला उजेड सोसत नाही. त्यामुळे मोठी संग्रहालयं आपली छापचित्रं पेट्यांत, अंधारात ठेवतात. भिंतीवर येतात ती मोजकी आणि काही महिन्यांपुरती. पण बहुतेक मोठ्या संग्रहांना अभ्यासिका असते. बर्लिन, म्युनिक, व्हिएन्नाचं आल्बर्टिना, लंडनचं ब्रिटिश म्युझियम, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, सगळीकडे ही सोय आहे. ईमेल करून वेळ घ्यायची, काय बघायचं ते संग्रहातल्या क्रमांकासकट कळवायचं, ओळखपत्र बरोबर न्यायचं. संशोधकच असलं पाहिजे असं नाही. टेबलावर पाचशे वर्षांपूर्वीचा कागद तुमच्यासमोर ठेवतात आणि मधे काच नसते. ज्याने हा प्रिंट पहिल्यांदा विकत घेतला, त्याने तो असाच हातात धरून बघितला होता. लोकांना हे माहीतच नसतं, म्हणून एवढं तळमळीने सांगतोय.

दुसरी गोष्ट यातूनच निघते. शक्य असेल तिथे एकाच प्लेटचे, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या पत्र्याचे, दोन छाप शेजारीशेजारी मागा. काम चालू असताना चित्रकार मधूनच छाप काढून बघतो, मग प्लेटवर पुन्हा काम करतो. या टप्प्यांना आम्ही स्टेट म्हणतो. ड्युररच्या १५०४ च्या ‘आदम आणि हव्वा’चे अर्धवट अवस्थेतले छाप आल्बर्टिनात आहेत. त्यांत मागचं दाट रान जवळजवळ पुरं झालंय आणि माणसांच्या अंगाचा बराचसा भाग नुसत्या बाह्यरेषेत कोरा आहे. म्हणजे ड्युरर मागून पुढे येत होता, अंगाची कांती त्याने शेवटी राखून ठेवली होती. हे कुठल्याही पुस्तकाने सांगण्यापेक्षा तो कागद जास्त चांगलं सांगतो.

आता क्रमाविषयी. तुम्ही न्यूर्नबर्गलाच आहात तर कागदापासून सुरुवात करा. कागद स्वस्त झाल्याशिवाय छापचित्र जन्मालाच येत नाही. उल्मान श्ट्रोमर नावाच्या व्यापाऱ्याने १३९० मध्ये न्यूर्नबर्गच्या वेशीबाहेर कागदाची गिरणी सुरू केली, जर्मनीतली पहिली. त्यानंतरच्या काही दशकांत दक्षिण जर्मनीत लाकडी ठशांवरून देवादिकांची चित्रं आणि पत्त्यांचे कॅट छापले जाऊ लागले. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात १४२३ हे साल कोरलेला संत ख्रिस्तोफरचा वुडकट आहे. खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी ओलांडणारा हा संत. त्याचं दर्शन घेतलं तर त्या दिवशी अवचित मरण येणार नाही, असा मजकूर खाली आहे. घराच्या दारामागे किंवा पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायच्या या गोष्टी. कला म्हणून त्या कुणी केल्या नव्हत्या, म्हणून जपूनही कुणी ठेवल्या नाहीत. जी उरली ती पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत चिकटलेली सापडली म्हणून उरली.

तांब्यावरचं कोरीवकाम वेगळ्या घरातून आलं, सोनारांच्या. १४३० च्या सुमारास ऱ्हाईनच्या वरच्या खोऱ्यात सोनारांनी आपली कोरणी तांब्याच्या पत्र्यावर चालवून त्यावरून छाप काढले. कोलमारचा चित्रकार मार्टिन शोंगाउअर सोनाराचाच मुलगा. ड्युररही. त्याने बापाच्या हाताखाली कोरणी धरायला शिकून घेतली, मग वोलगेमुट या चित्रकाराकडे चित्रकला आणि लाकडी ठशांचं काम शिकला. त्याचा धर्मपिता आंटोन कोबेर्गर हा तेव्हाचा बडा मुद्रक-प्रकाशक. सोनारकाम, वुडकट आणि छापखाना अशी तिन्ही कामं या एका मुलाच्या पुढ्यात होती. १४९८ मध्ये, सत्ताविशीत, त्याने ‘अपोकॅलिप्स’ ही बायबलमधल्या जगाच्या अंतावरची पंधरा वुडकटची मालिका स्वतःच प्रकाशक होऊन बाजारात आणली. कुणी राजाने किंवा चर्चने सांगितलं नव्हतं. आधी चित्र केलं, मग गिऱ्हाईक शोधलं. बायको आग्नेस जत्रांमधून प्रिंट विकायची. चित्रकाराला आश्रयदात्याशिवाय जगता येतं, ही शक्यता छापचित्राने युरोपात पहिल्यांदा उघडली, असं मला वाटतं.

ड्युररचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. १५०९ पासून शेवटपर्यंत तो तिथे राहिला. आत छपाईचं प्रात्यक्षिक असतं, बाबांना जरूर न्या.

मृण्मयी_स

ताम्रपट सर, किती सविस्तर! हे सगळं फोनवर बाबांना वाचून दाखवलं. त्यांचा प्रश्न असा: लाकडी ठसा खिळ्यांबरोबर फर्म्यात बसतो हे त्यांना लगेच समजलं, ते स्वतः ब्लॉक बसवायचे. पण तांब्याची प्लेट खिळ्यांबरोबर का छापता येत नाही? आणि मग जुन्या पुस्तकांत तांब्यावरची चित्रं कशी?

ताम्रपट

बाबांना नमस्कार सांगा. त्यांनी अगदी मुळाला हात घातला.

लाकडात नको तो भाग कोरून काढतात. जो वर राहतो त्याला शाई लागते. खिळ्याचंही तेच. म्हणून ठोकळ्याची उंची खिळ्यांएवढी ठेवली की दोन्ही एका दाबात उठतात. तांब्यात उलटं. शाई खोल रेषेत भरायची आणि वरचा पत्रा लख्ख पुसायचा. आधी जाळीदार कापडाने पुसतात, शेवटचा हात तळव्याच्या कडेने, त्याला थोडी खडू लावून. मग कागद ओला करून प्लेटवर ठेवायचा, वर लोकरीच्या जाड घड्या, आणि दोन रुळांमधून सगळं दाबून काढायचं. ओला कागद रेषेत उतरतो आणि शाई उचलून आणतो. सपाट दाबाच्या प्रेसला हे जमत नाही, रुळाचा प्रेस लागतो. त्यामुळे पुस्तकात तांब्यावरचं चित्र हवं असेल तर तोच कागद दोन वेगळ्या यंत्रांतून काढावा लागायचा, नाहीतर चित्राचं पान वेगळं छापून आत शिवायचे. खर्च वाढायचा. चित्रांची स्वस्त पुस्तकं प्रदीर्घ काळ वुडकटवर चालली त्याचं कारण हेच.

यावरचा पुढचा अध्यायही बाबांना आवडेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या थॉमस ब्युइकने बॉक्सवुड नावाच्या अतिशय घट्ट लाकडाचा आडवा छेद घेतला आणि त्यावर तांबं कोरायची कोरणी चालवली. रेषा तांब्याइतकी बारीक, पण छपाई खिळ्यांच्या बरोबर. १७९० मधलं त्याचं चतुष्पाद प्राण्यांचं पुस्तक अशा ठशांनी भरलेलं आहे. पुढे शंभर वर्षं सचित्र मासिकं याच तंत्रावर निघाली.

अँटवर्पला जमलं तर प्लांटिन-मोरेटस म्युझियम दाखवाच. सोळाव्या शतकातला संपूर्ण छापखाना जागच्या जागी आहे. खिळ्यांच्या पेट्या, लाकडी ठसे, तांब्याच्या प्लेट आणि जगातले सर्वात जुने मानले जाणारे दोन प्रेस, सगळं तिथे बघायला मिळतं. बाबा तिथून बाहेर यायचं नाव घेणार नाहीत.

पवनचक्की

ॲमस्टरडॅममध्ये राहते, म्हणून सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्याविषयी लिहिते. योडेनब्रेस्त्राटवरचं त्याचं घर आता संग्रहालय आहे. १६३९ मध्ये त्याने ते घेतलं आणि कर्ज न फिटल्याने १६५६ मध्ये दिवाळखोरीत गमावलं. तिथे एचिंग करून दाखवतात आणि त्याच्या एचिंगचा जवळजवळ संपूर्ण संग्रह त्यांच्याकडे आहे. त्याने सुमारे तीनशे केली.

एचिंगमध्ये प्लेटवर मेण-राळेचा पातळ थर देतात, त्यावर सुईने चित्र काढायचं आणि प्लेट आम्लात बुडवायची. जिथे सुईने थर गेलाय तिथे आम्ल तांबं खातं. कोरणीला मनगटाची वर्षानुवर्षांची तालीम लागते, सुई कागदावरच्या पेन्सिलसारखी पळते. म्हणून चित्रकार या तंत्राकडे वळले. (पहिल्यांदा हे केलं ऑग्सबुर्गच्या डॅनियल होपफरने, १५०० च्या आसपास. तो चिलखतांवर आम्लाने नक्षी करणारा कारागीर. मृण्मयी, ऑग्सबुर्गही तुम्हाला जवळच आहे.)

दोन गोष्टी आवर्जून बघा असं सांगेन. एक लहान, एक मोठी.

लहान म्हणजे १६५० चा ‘शंख’. रेम्ब्रांटने एचिंगमध्ये केलेलं हे एकमेव स्थिरचित्र. हिंदी-प्रशांत महासागरातला कोनस जातीचा शंख, काळ्या जाळीवर पांढरे ठिपके. डच जहाजांनी असे शंख आणले आणि इथल्या हौशी लोकांनी वाटेल ती किंमत देऊन घेतले. पहिल्या स्टेटमध्ये शंखामागे कोरा कागद आहे. दुसऱ्यात मागे गडद सावली आली आणि शंख एकदम जड झाला, फळीवर टेकला. भिंग घेऊन बघा. छापताना डावं-उजवं उलटतं हे रेम्ब्रांटला पक्कं ठाऊक होतं. सही त्याने प्लेटवर उलटी काढली, म्हणून छापात ती सुलट आली. शंख मात्र समोर दिसला तसाच काढला. त्यामुळे छापातल्या शंखाचा पीळ निसर्गात असतो त्याच्या उलट दिशेला फिरतो.

मोठी म्हणजे १६५३ चे ‘तीन क्रूस’, येशूला क्रूसावर चढवल्याचं चित्र. सगळं ड्रायपॉइंट. आम्ल नाही, थेट सुईने तांबं ओरबाडलेलं. सुईच्या दोन्ही बाजूंना तांब्याची कोर उठते, तिच्यात शाई धरते आणि रेषा मखमलीसारखी काळीभोर येते. ती कोर प्रेसखाली भराभर झिजते, म्हणून असे उत्तम छाप थोडेच निघतात. पहिल्या स्टेटमध्ये वरून प्रकाशाचा झोत येतो आणि खालची गर्दी स्पष्ट दिसते. चौथ्या स्टेटला रेम्ब्रांटने त्यातली बरीच माणसं खरवडून काढली, वरून खाली अंधाराच्या रेघा ओढल्या, उंच टोपीवाला एक घोडेस्वार नव्याने आणला. दुपार होती ती रात्र झाली. तांब्याची प्लेट तीच. ताम्रपट म्हणतात तसे हे दोन्ही शेजारीशेजारी बघितलेत तर पुढे वर्षभर दुसरं काही नाही बघितलं तरी चालेल.

जाता जाता हर्क्युलस सेखर्सचं नाव लिहून ठेवा. रेम्ब्रांटच्या आधीचा. रंगवलेल्या कागदावर, कापडावर, रंगीत शाईने छापायचा, एक छाप दुसऱ्यासारखा नसायचा. त्याची एक प्लेट रेम्ब्रांटने मिळवली, तिच्यावरचे टोबियास आणि देवदूत खोडून तिथे इजिप्तला पळणारं येशूचं कुटुंब कोरलं आणि सेखर्सचा डोंगर-झाडी तशीच राहू दिली. राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर हे सगळं मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतं. जाण्याआधी घरी बसून बघून ठेवा.

ऱ्हाईनकाठ

ताम्रपट आणि पवनचक्की यांच्याबद्दल आदर ठेवूनच वेगळं मत मांडते. मृण्मयी, ड्युररपासून सुरुवात करू नका. त्याच्या प्रिंटमध्ये एवढं काही भरलेलं असतं की नवखा माणूस दिपून जातो आणि मग चिन्हांचे अर्थ शोधण्यात अडकतो. त्याच्या ‘मेलेन्कोलिया’मधल्या चौकटीतल्या आकड्यांची बेरीज कशीही केली तरी ३४ येते, हे सगळे सांगतात, ते चित्र दुःखी का आहे हे कुणी सांगत नाही.

केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीपासून सुरू करा. तिची चित्रं समजायला काही यावं लागत नाही. कोलोनला आणि बर्लिनला तिची स्वतंत्र संग्रहालयं आहेत.

तिचा नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर होता. दवाखान्यात येणाऱ्या बायका तिने रोज बघितल्या. १८९० च्या दशकात तिने विणकरांच्या उठावावर सहा चित्रांची मालिका केली. १८९८ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात परीक्षकांनी तिला पदक द्यायची शिफारस केली आणि कैसरने ती फेटाळली. ऑक्टोबर १९१४ मध्ये तिचा धाकटा मुलगा पेटर बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. तो स्वतःहून भरती झाला होता, आणि वय कमी म्हणून लागणारी बापाची संमती आईनेच रदबदली करून मिळवून दिली होती. या दुःखाला चित्रात आणायला तिला वर्षानुवर्षं लागली. एचिंगमध्ये करून बघितलं, लिथोत करून बघितलं, समाधान होईना. १९२० मध्ये शिल्पकार एर्न्स्ट बार्लाखचे वुडकट तिने पाहिले आणि तिला वाट सापडली. ‘युद्ध’ ही सात वुडकटची मालिका १९२१-२२ ची. त्यातलं ‘आईबाप’ बघा. दोन माणसं एकमेकांत कोसळली आहेत, चेहरे दिसतच नाहीत. काळ्या ढिगातून फक्त पाठीचा बाक आणि एक हात कोरून काढलाय. एचिंगमध्ये छटा आल्या असत्या, छटांमुळे चित्र हळवं झालं असतं. लाकडाने तिला हळवेपणाची सवलत दिली नाही.

इथून मागे गेलात तर नॉर्वेचा चित्रकार मुंक भेटेल. तो लाकडाचा ठोकळा करवतीने तुकडे करून वेगवेगळ्या रंगांनी रंगवायचा आणि पुन्हा जुळवून छापायचा. १९०५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये एकत्र आलेली ‘ब्र्यूक’ या चित्रकारांच्या गटाची तरुण मंडळी, किर्खनर, हेकेल वगैरे, तीही भेटतील. आणि त्या सगळ्यांच्या मागे पुन्हा ड्युररच्या वेळचं जर्मन लाकूड. तेव्हा ड्युररकडे जाल तर डोळे तयार झालेले असतील.

ताम्रपट

ऱ्हाईनकाठ, विद्यार्थ्यांना मीही कधी कधी असंच उलटं नेतो. मृण्मयी, दोन्ही वाटा चांगल्या आहेत, पण वर्षभर ड्युररच्या गावाशेजारी राहून त्याच्याकडे शेवटी जाणं माझ्याच्याने सुचवलं जाणार नाही!

कोलविट्झच्या आधी स्पेनचा चित्रकार गोया मात्र हवाच. एचिंगच्या रेषेला त्याने ॲक्वाटिंटची जोड दिली. प्लेटवर राळेची पूड भुरभुरून तापवायची, कणांच्या मधून आम्ल तांबं खातं आणि छापात पाणी घातलेल्या शाईचा हात फिरवल्यासारखी सपाट करडी छटा येते. ‘काप्रिचोस’ या मालिकेची ऐंशी चित्रं त्याने १७९९ मध्ये माद्रिदमध्ये अत्तराच्या दुकानातून विकायला ठेवली. फार थोडे संच खपले. १८०३ मध्ये प्लेट आणि उरलेले संच त्याने राजाला देऊन टाकले. ‘युद्धाचे अनर्थ’ ही मालिका तर त्याच्या हयातीत प्रसिद्धच झाली नाही. १८६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी लोकांसमोर आली. एका प्लेटखाली त्याने एवढंच लिहिलंय: ‘मी हे पाहिलं’. माद्रिदच्या सान फर्नांडो अकादमीत त्याच्या मूळ तांब्याच्या प्लेट ठेवल्या आहेत. तिथल्या प्रसिद्ध प्राडो संग्रहालयात जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात.

पुस्तक विचारलं होतंत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये छापचित्र विभाग सांभाळणाऱ्या हायट मेयर यांचं ‘प्रिंट्स अँड पीपल’ (१९७१). छोटी छोटी प्रकरणं, प्रत्येक पानावर चित्र. तंत्र, बाजार आणि माणसं तिन्ही एकत्र येतात.

मांडवी

गोव्याहून एक गोष्ट. ड्युररचा १५१५ चा ‘गेंडा’ सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण तो प्राणी गोव्यातून गेला होता हे फार लोकांना माहीत नसतं. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने तो १५१४ मध्ये गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिला. अल्बुकर्कने १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजाने पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला आणि २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. ड्युररने तर पाहिलाच नाही. लिस्बनहून आलेल्या पत्रावरून आणि एका रेखाटनावरून त्याने चित्र केलं. म्हणून अंगाला चिलखताचे पत्रे, पायांवर खवले आणि मानेवर एक जादा शिंग. गेंड्याला पुढे पोपकडे पाठवलं, इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात बांधलेला तो जीव गेला.

ऑग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही त्याच साली त्याचा वुडकट केला. तो खऱ्या गेंड्याच्या जास्त जवळ आहे, पायांत बेडीसुद्धा दाखवली आहे. त्याचा एकच छाप उरलाय, व्हिएन्नाला. ड्युररचा ठोकळा मात्र त्याच्यामागेही शंभरेक वर्षं छापला जात होता. उशिराच्या छापांत लाकडाला गेलेला तडा गेंड्याच्या पायांतून आरपार दिसतो. मृण्मयी, आधीचा आणि नंतरचा छाप बघायला मिळाला तर तो तडा शोधा.

दौलताबादी

मांडवींच्या गेंड्यावरून आठवलं. वेरूळच्या लेण्यांची चोवीस ॲक्वाटिंट १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. मूळ रेखाटनं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची, तो पुण्यात पेशव्यांच्या दरबारी चित्रं काढत होता आणि १७९५ मध्ये वारला. त्याच्या मागे इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलने ती प्लेटवर आणवली. पुण्याचा गंगाराम तांबट याच काळात इंग्रज रेसिडेंट मॅलेटसाठी वेरूळची चित्रं काढत होता. त्याचं काम आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. लंडनला गेलात तर ब्रिटिश लायब्ररीत डॅनियल मागवून बघा. कैलास लेणं ॲक्वाटिंटच्या करड्या छटांत फार सुंदर उतरलंय.

आणि बाबांसाठी सोल्नहोफेन. न्यूर्नबर्गहून दक्षिणेला, आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात. लिथोचा दगड तिथला. म्युनिकच्या आलोइस झेनेफेल्डरला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती. तेल आणि पाणी मिसळत नाही एवढ्या एका गोष्टीवर त्याने १७९० च्या दशकाच्या अखेरीस शिळाछाप उभा केला. कोरणं नाही, खोदणं नाही, दगडावर तेलकट खडूने काढायचं. चित्रकाराचा हात जसाच्या तसा छापात येऊ लागला. पॅरिसमध्ये दोमिए या चित्रकाराने याच दगडावर राजाची व्यंगचित्रं काढली आणि १८३२ मध्ये तुरुंगात गेला. आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापलं ते शिळाछापावर, आणि रविवर्म्याचा १८९४ चा छापखाना, जो पुढे मळवलीला गेला, तोही लिथोचाच. तिथले तंत्रज्ञ जर्मनीहून आले होते. बाबांना ऑफसेट माहीत असेलच, त्याचं मूळही इथेच.

जुनी_पेठ

खरेदीबद्दल. अस्सल जुना प्रिंट परवडणाऱ्या किमतीत मिळतो, फक्त मोठ्या नावांच्या मागे लागू नका. जर्मनीत जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सतराव्या-अठराव्या शतकातली तांब्यावरची गावांची दृश्यं, वनस्पतींची चित्रं, पुस्तकांतून सुटी झालेली पानं भरपूर असतात.

‘खरा रेम्ब्रांट’ स्वस्तात दिसला तर थांबा. त्याच्या सुमारे ८० प्लेट अजून शाबूत आहेत आणि त्याच्या मृत्यूनंतर त्यांवरून पुन्हा पुन्हा छाप काढले गेले. प्लेट खरी, पण रेषा झिजलेल्या, वर दुसऱ्यांनी गिरवलेल्या. गोयाच्या ‘काप्रिचोस’च्याही १९३७ पर्यंत बारा आवृत्त्या निघाल्या. खोटं कुणी बोलत नसतं, पण कुठली आवृत्ती हे विचारल्याशिवाय सांगतही नाहीत. ते विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.

दहापट मोठं दाखवणारं भिंग कायम जवळ ठेवा. रेषेऐवजी एकसारखे ठिपके दिसले तर ती अलीकडची छपाई. एचिंग किंवा कोरीवकाम असेल तर चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दाब कागदात उतरलेला असतो, मागून बोट फिरवलं की कळतो. मात्र कागद कडेने कापलेला असेल तर तो दिसणार नाही, आणि खोटा दाबही उठवता येतो, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका. कागद उजेडाकडे धरा: जुन्या हातकागदात चाळणीच्या तारांच्या समांतर रेघा दिसतात, कधी वॉटरमार्क. चौकट घातलेला प्रिंट बाहेर काढून दाखवायला दुकानदार तयार नसेल तर घेऊ नका.

मृण्मयी_स

सगळ्यांचे किती आभार मानू. आता असं ठरवतेय: ड्युररच्या घरापासून सुरुवात, मग म्युनिकच्या अभ्यासिकेत वेळ घ्यायची. बाबा आले की सोल्नहोफेन आणि अँटवर्प. ॲमस्टरडॅम आणि कोलोन हिवाळ्यात. माद्रिदचं बघू.

ताम्रपट सर, एक शेवटचं. म्युनिकला पहिल्यांदा जाईन तेव्हा नेमकं काय मागवू? आणि तिथे वागायचं कसं?

ताम्रपट

थोडंच मागवा. पाच-सहा कागद एका सकाळला पुष्कळ होतात. शोंगाउअरचा ‘संत अँटनीचा छळ’ मागा. मायकेलअँजेलोने पोरवयात त्यावरून चित्र रंगवलं होतं असं कलाकारांची चरित्रं लिहिणारा वासारी लिहितो. ड्युररचे ‘अपोकॅलिप्स’मधले चार घोडेस्वार मागा आणि त्यांच्या शेजारी त्याचाच तांब्यावरचा १५१४ चा ‘अभ्यासिकेतला संत जेरोम’. लाकूड आणि तांबं यांतला फरक तिथे एका नजरेत कळेल. जेरोमच्या खिडकीतून भिंतीवर पडलेलं ऊन भिंगातून बघा, नुसत्या आडव्याउभ्या रेघा आहेत. होपफरचं एखादं लोखंडी प्लेटवरचं एचिंग असेल तर तेही, म्हणजे ते तंत्र सुरुवातीला किती राकट होतं ते दिसेल.

पेन नेऊ नका, पेन्सिल न्या. हात धुऊन, कोरडे करून बसा. कागद स्वतः उचलायचा की नाही ते आधी विचारा. काही ठिकाणी कर्मचारीच पान पालटतात. फोटो काढायचा असेल तर परवानगी घ्या, फ्लॅश बंद. आणि चार घोडेस्वारांचा कागद उलटून दाखवायची विनंती करा. पुस्तकातलं पान असेल तर मागे दोन रकान्यांत मजकूर असतो, १४९८ च्या छापात जर्मन किंवा लॅटिन, १५११ च्या छापात लॅटिन. खिळ्यांचा दाब कागदावर किती उमटलाय ते नीट बघून ठेवा, बाबा नक्की विचारतील.